चातुर्मासाचा एक नेम पायांसाठी

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज वैष्णवांचा मेळा दाटला असेल. ज्यांना पंढरीस जाता आले नाही, ते जालनेकर जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींच्या पालखीपुढे माथा टेकवतील. मस्तगडाच्या आसमंतातील घराघरांत पहाटेच सडा-रांगोळी झाली असेल, तुळशीला पाणी घातले गेले असेल, आणि स्वयंपाकघरातून भगर व शेंगदाण्याच्या आमटीचा वास दरवळत असेल. असा हा मंगल दिवस. परंतु ह्याच दिवशी पुष्कळ घरांच्या ओसरीवर एक खंतही बसलेली असते, आणि तिच्याविषयी दोन शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

ओसरीवर पाय पसरून बसलेल्या एखाद्या वृद्ध माउलीला विचारावे, "यंदा वारीला गेला नाहीत का, मावशी?" उत्तर ठरलेले असते : "मन तर तिथंच हाय बाबा, पण गुडघे साथ देत न्हाईत." विचारणारा मान हलवतो, वयाला दोष देतो आणि पुढे जातो. माउलीही ते विधिलिखित समजते. वर्षानुवर्षांची वारी अशी एका वाक्यात संपते आणि त्या वाक्याची फेरतपासणी कोणी करीत नाही.

आमचे नम्र प्रतिपादन असे की, हा निकाल अनेकदा घाईने दिलेला असतो. गुडघा दुखतो हे खरे. परंतु गुडघा हा पुष्कळदा गुन्हेगार नसून, दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगणारा असतो. ती चूक असते त्याच्या वरच्या सांध्याची, म्हणजे खुब्याची आणि खुब्याभोवतीच्या दुबळ्या पडलेल्या स्नायूंची. हे दुबळेपण बहुतेक वेळा दूर करता येते. त्यासाठी आजपासून सुरू होणाऱ्या चातुर्मासाहून अधिक योग्य काळ दुसरा नाही.

कटीवर कर ठेवून पाहा

चालणे म्हणजे दोन पायांवर पुढे सरकणे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः चालणे म्हणजे आळीपाळीने एका पायावर उभे राहणे होय. एक पाय उचलला की तो खाली टेकेपर्यंत सगळ्या देहाचा भार दुसऱ्या पायावर असतो. त्या क्षणी कंबर एका बाजूला कलंडू नये म्हणून उभ्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला ताणून धरतात.

ह्याचा प्रत्यय घेण्यासाठी वैद्यकाच्या ग्रंथाची गरज नाही. विठुराया विटेवर ज्या मुद्रेत उभा आहे, त्या मुद्रेत भिंतीजवळ उभे राहावे. दोन्ही हात कटीवर ठेवून बोटे कमरेच्या हाडाच्या किंचित खाली, बाजूच्या मांसल भागावर आणावीत, आणि एक पाय जमिनीपासून चार बोटे उचलावा. जो पाय जमिनीवर आहे, त्याच्या बाजूचा स्नायू बोटांखाली एकदम घट्ट होतो. हाच तो आपला मूक सेवेकरी. वारीच्या वाटेवर प्रत्येक पावलाला त्याला असे घट्ट व्हावे लागते.

त्याच्यावर पडणारा भार साधा नसतो. एक बाजू आखूड आणि दुसरी लांब असलेली ताजव्याची दांडी डोळ्यांपुढे आणा. लांब बाजूच्या थोड्या वजनाला तोलण्यासाठी आखूड बाजूला पुष्कळ जोर लावावा लागतो. खुब्याची रचना तशीच आहे. देहाचा भार सांध्यापासून दूर आतल्या बाजूस लोंबतो, आणि त्याला आवरणारा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ बाहेरून ओढतो. त्यामुळे साध्या चालीतही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट दाब येतो. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. दोन फुटांचे पाऊल धरले, तरी चार लाखांहून अधिक पावले होतात, म्हणजे प्रत्येक खुब्याला दोन लाख वेळा ही सेवा रुजू करावी लागते. शेगावहून निघणाऱ्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर विदर्भ-मराठवाडा तुडवीत जाणाऱ्या वारकऱ्यांची वाट तर याहून कितीतरी लांबची.

आता हा सेवेकरीच थकला तर काय होते? उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते. तोल सावरण्यासाठी माणूस उभ्या पायावर हेलकावे घेत चालतो, मांडीचे हाड आत वळते आणि गुडघा पायाच्या अंगठ्याच्याही आत कलतो. गुडघ्याची वाटी आपल्या खाचेतून सरळ सरकण्याऐवजी एका कडेला घासू लागते. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत उतरणारा जाड पट्टा ताणला जातो व गुडघ्याबाहेर ठणका लागतो. पाऊल वाकडे पडून घोट्यावरही ताण येऊ शकतो. कंबर अशी झुकण्याचे लक्षण जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली वर्णिले. आजही रुग्णाला एका पायावर उभे करून डॉक्टर ते तपासतात.

मस्तगडात राहणाऱ्यांना हे समजावून सांगण्यास फार सायास नकोत. निजाम-उल्-मुल्क आसफजाहच्या अमदानीत, १७२५ साली काबिलखानाने उभारलेल्या ह्या गडाच्या सावलीत आपल्या पिढ्या वाढल्या. जुन्या बांधकामाला तडा एका जागी दिसतो आणि आधार सुटलेला असतो भलत्याच जागी, हे इथला कोणताही जाणता गवंडी सांगेल. तड्यावर चुना लिंपून भिंत वाचत नाही. गुडघ्यावर नुसता मलम चोळण्याचेही तसेच आहे.

अभ्यासकांचा निर्वाळा

कोणी म्हणेल, ही केवळ कल्पना आहे. तसे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने दुखणाऱ्या २४ लांब पल्ल्याच्या धावपटूंची तपासणी केली, आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. दुखऱ्या पायाचा खुबा पाय बाजूला उचलण्यात कमी बळाचा आढळला. सहा आठवडे खुब्याचा व्यायाम दिल्यावर २४ पैकी २२ जण वेदनेविना पुन्हा धावू लागले. इराणात ५०१ खेळाडूंच्या खुब्यांचे बळ हंगामाआधी मोजून नंतर त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. ज्या १५ जणांच्या गुडघ्यातील अस्थिबंध कोणाचा धक्का न लागता तुटला, त्यांच्या खुब्यांचे बळ आरंभीच इतरांपेक्षा कमी होते, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात दिसले.

हे झाले तरुण खेळाडूंचे. आपल्या माउलीच्या जवळचा पुरावा ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचा आहे. गुडघ्याची झीज झालेल्या ८९ जणांवर तेथे झालेल्या प्रयोगात बारा आठवडे खुब्याच्या व्यायामाचा परिणाम पाहण्यात आला. व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या आणि हालचाल सुधारली, असे २०१० साली प्रसिद्ध झाले. गुडघ्यावर पडणारा भार मात्र त्याने घटला नाही. म्हणजे झीज भरून निघाली, असा दावा कोणी करू नये. परंतु त्या झिजेसह अधिक सुखाने चालता आले, हे काही थोडे नव्हे.

सत्याशी इमान राखायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टॅनफर्डच्या अभ्यासात तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता. शिवाय गुडघ्याच्या वाटीमागील दुखण्यासंबंधीचे अनेक अभ्यास २०१४ साली एकत्र पडताळले गेले, तेव्हा असे दिसले की दुखणाऱ्यांचे खुबे दुबळे असतात हे खरे, पण दुखणे सुरू होण्यापूर्वी ते दुबळे होतेच, असे सिद्ध होत नाही. दुखते म्हणून माणूस पाय जपतो आणि जपल्याने खुबा दुबळा होतो, असेही घडत असावे. तथापि गृहस्थाश्रमी माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. दुबळेपण आधी आले असो की मागून, ते तसेच ठेवले तर चक्र फिरतच राहते, आणि त्यावरचा उपाय एकच : खुब्याला पुन्हा बळ देणे.

आपले जुने वळण

बलोपासना आपल्या धर्माला परकी नाही, आणि जालना जिल्ह्याला तर मुळीच नाही. ज्या समर्थ रामदासांनी गावोगाव मारुतीची स्थापना करून भक्तीच्या शेजारी शक्तीला आसन दिले, ते १६०८ साली आपल्याच जांब गावी जन्मले. अन्यत्र कुठे नाही, तरी ह्या मातीत तरी 'देव देव करणाऱ्याने देहाकडे पाहू नये' असे म्हणणे शोभत नाही.

आपल्या जुन्या दिनक्रमातही खुब्याला काम होते. जेवणाला पाटावर बसणे आणि हात न टेकता उठणे, देवाला साष्टांग नमस्कार, वटाला व पिंपळाला प्रदक्षिणा, नागपंचमीची फुगडी, दिंडीतली पावली, हे सारे पायांना राबवून घेणारे होते. आज आपण खुर्चीवरून सोफ्यावर आणि सोफ्यावरून मोटारीत बसतो. घरात जमिनीवर बसणारे केवळ देव्हाऱ्यापुढचे एखादे आजोबा उरले आहेत. अकरा महिने असे बसून काढायचे आणि बाराव्या महिन्यात देहाकडे रोज पाच-सहा कोसांची मागणी करायची, हा देहावर अन्यायच होय.

मात्र जुन्याचा अभिमान डोळस असावा. सूर्यनमस्कार आणि बैठका ह्यांत शरीर मुख्यतः पुढे-मागे व वर-खाली होते. मांड्या व पाठ त्याने दणकट होतात. एका पायावर तोल सांभाळणाऱ्या बाजूच्या स्नायूंना मात्र त्यांत कमी काम पडते. पावली खेळताना आडवे पाऊल पडते, तेव्हा ते अधिक राबतात. म्हणून नुसते 'पूर्वी सारे चांगले होते' असे म्हणून भागत नाही. जे कमी पडते ते जाणून घेऊन त्याची भर घातली पाहिजे.

हा नेम कसा धरावा?

आज देवशयनी. आजपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत घरोघर नेम धरले जातील. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी पोथी लावील, कोणी लक्ष वाती वाहील. त्यांच्याच बरोबर एक नेम पायांसाठी धरावा, एवढीच आमची विनंती. हे सुमारे सतरा आठवडे होतात. स्नायूंना बळ येण्यास इतका अवधी पुरेसा आहे. नेम रोजचा नको. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पंधरा-वीस मिनिटे पुरे. स्नायू श्रमाने जागा होतो आणि विश्रांतीत वाढतो. उपवासाच्या दिवशी विश्रांतीच घ्यावी.

पहिला प्रकार : चटईवर कुशीवर निजावे. खालचा पाय दुमडावा, वरचा सरळ ठेवावा. बोटे आकाशाकडे न वळवता समोर ठेवून, टाच किंचित मागे घेऊन, वरचा पाय सावकाश वीतभर उचलावा, पाच अंक मोजावेत व सावकाश खाली आणावा. असे दहा वेळा, मग कूस बदलावी.

दुसरा : त्याच कुशीवर दोन्ही गुडघे दुमडून, टाचा एकमेकींना लावून, वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडावा व मिटावा. कंबर मागे लोळू देऊ नये. हेही दहा वेळा.

तिसरा : पाठीवर निजून गुडघे उभे करावेत आणि पावलांवर भार देऊन कंबर उचलावी. योगाभ्यासी ह्याला सेतुबंधासन म्हणतात. पाच अंक थांबून खाली यावे.

चौथा : घराच्या सर्वांत बुटक्या पायरीवर एक पाय ठेवून सावकाश चढावे व सावकाश उतरावे. जवळ भिंत असावी. लक्ष एवढेच ठेवावे की गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहील, आत कलणार नाही. आरसा समोर असल्यास उत्तम.

पाचवा प्रकार देव्हाऱ्यासमोरचा. एका हाताने भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहावे आणि मनातल्या मनात दहा वेळा नाम घ्यावे. मग दुसरा पाय. आठवड्यागणिक भिंतीवरचा हात हलका करावा.

हे जमू लागले की दहाचे पंधरा करावेत. कार्तिकीनंतरही नेम न सोडता, वारीच्या दोन-तीन महिने आधीपासून रोजच्या चालण्यात थोडी थोडी भर टाकावी. वाटेवर पिशवी एकाच खांद्यावर वाहू नये. उजव्या खांद्यावरील ओझे डाव्या खुब्याला अधिक राबविते, म्हणून खांदा बदलत राहावा. काठी वापरणाऱ्याने ती दुखऱ्या पायाच्या बाजूला न धरता विरुद्ध हातात धरावी. पुष्कळजण नेमके उलट करतात, आणि काठीचा अर्धा लाभ वाया जातो.

एक इशारा आवश्यक आहे. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, रात्री निजताना ठणकत असेल, जांघेत कळ येत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा पडल्यानंतर पायावर भारच देता येत नसेल, तर व्यायाम नव्हे, प्रथम डॉक्टर. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी व हाडाची शस्त्रक्रिया झालेल्यांनीही विचारूनच आरंभ करावा. व्यायामाने स्नायू शिणणे साहजिक आहे; सांध्यात दुखणे वाढत जाणे साहजिक नाही.

दोन आक्षेप

श्रद्धाळू माणूस म्हणेल, "चालविणारा तो आहे, आम्ही तयारी करणारे कोण?" ह्या भावनेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु हाच भक्त वारीला निघताना पावसाचे कापड घेतो, शिधा बांधतो, टाळाची दोरी नवी बसवितो. तेथे त्याला विठ्ठलावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटत नाही. मग ज्या देहाने वाट चालायची, त्याचीच तयारी तेवढी अविश्वासाची कशी ठरावी?

दुसरा आक्षेप वयाचा. "साठी उलटली, आता कसले बळ?" वय वाढते तसे स्नायू झिजतात हे खरे, पण झिजणे म्हणजे मरणे नव्हे. उतारवयातही व्यायामाला स्नायू प्रतिसाद देतात, ही आता वैद्यकात मान्य झालेली गोष्ट आहे. उलट उतारवयातच ह्या बळाची निकड अधिक. तोल जाऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे, ह्याने कितीतरी घरांतील वडीलधारी माणसे कायमची अंथरुणाला खिळतात. पंढरी राहिली दूर, अंगणातली तुळसही त्यांना परकी होते.

येथे दिंडीप्रमुखांसही विनंती करावीशी वाटते. वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, मलमपट्टी करणारे सेवाभावी लोक धन्य होत. परंतु ती सेवा दुखण्यानंतरची आहे. प्रस्थानाआधी महिना-दोन महिने, एकादशीच्या भजनाला जमलेल्या मंडळींना हे पाच प्रकार दाखविले, तर ती सेवा दुखण्याआधीची होईल.

आणि शेवटी कुटुंबातील तरुणांना. पंढरीचा देव विटेवर उभा राहिला तो पुंडलिकासाठी, आणि पुंडलिक त्या क्षणी काय करीत होता हे लहान मूलही सांगू शकते : आईवडिलांची सेवा. मावशी म्हणते, "गुडघे साथ देत न्हाईत." तिला वेदनेची गोळी आणून देणे सोपे आहे. तिच्याशेजारी चटई अंथरून, आठवड्यातून तीनदा, तिच्याबरोबर स्वतःही पाय उचलणे ही खरी सेवा. बसून काम करणाऱ्या तरुणाच्या खुब्यालाही तिची तेवढीच गरज आहे.

शेगावची पालखी पंढरीहून परतताना काही दिवसांतच आपल्या जालन्यास मुक्कामाला येईल. तोवर नेमाचे पहिले काही आठवडे झालेले असतील. त्या दिवशी मावशीला केवळ दर्शनासाठी रिक्षाने नेऊन आणू नये. तिचा हात धरून पालखीबरोबर चार पावले चालवावे. पुढल्या आषाढीची वाट तिथूनच सुरू होते.